उजवा हात दर्याचा

"पाटीला वास येतोय," सजवायला आलेली एक मुलगी म्हणाली. मला नाही, दुसऱ्या मुलीला. मी दोघींच्या मधे उभी होते.

दुसरीने पर्समधून सेंटची बाटली काढली आणि पाटीवर फवारा मारला. मग जरा थांबून माझ्या पदरावर. विचारलं नाही. पाटी मी साबणाने घासून, उन्हात वाळवून आणली होती. मॅडमनीच सांगितलं होतं, येताना तुमची पाटी आणा, रिकामी. त्यात ठेवायला त्यांनी प्लास्टिकचे मासे आणले होते. लहान पोरांच्या खेळण्यातले, निळे-पिवळे. जन्म माशांत गेला माझा, असला मासा बघितला नव्हता.

सोलापुरातलं एक सभागृह. रविवारची सकाळ. मॅडमच्या ऐतिहासिक कादंबरीचं प्रकाशन. कादंबरी समुद्रकाठच्या एका लहान कोळीवाड्याची, खोतांच्या काळातली. मला स्टेजवर कोळीण म्हणून उभं राहायचं होतं. मी कोळीणच आहे. पण रोजच्या साडीतली कोळीण त्यांना चालत नव्हती, म्हणून भाड्याचं लुगडं आणलं होतं.

मग त्या मुलीने हिरव्या बांगड्या काढल्या. डाव्या हातात माझ्या होत्याच. तिने उजवा हात धरला. मी मागे घेतला.

"ह्या हातात मी घालत नाही."

"काकू, एक हात बोडका दिसतो. फोटो निघणारेत."

दारातून मॅडम डोकावल्या. झालं का, म्हणाल्या. त्यांच्या मागे माझी मुलगी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला कळतं. मी हात पुढे केला. बांगड्या लहान होत्या. हाड दाबून, पंजा चेपून तिने चढवल्या.

माझं माहेर रायगड जिल्ह्यात, खाडीच्या तोंडावरची एक वाडी. नवरा सांगोल्याकडचा, एसटीत ड्रायव्हर. आमच्याकडच्या डेपोत असताना लग्न झालं, मग बदली घेऊन इकडे आला. समुद्र सुटला, धंदा सुटला नाही. इथल्या बाजारात सुकट, बोंबील, जवळा घेऊन बसते. त्याच्यावर घर चाललं आणि मुलगी शिकली. आता ती मराठीत पीएचडी करते. मॅडम तिच्या गाइड. त्यांची सही झाल्याशिवाय तिचं पान हलत नाही.

मुलीनेच त्यांना घरी आणलं होतं. त्या पुष्कळदा आल्या. स्वतःची पाण्याची बाटली घेऊन यायच्या. माझ्या घरचा चहा कधी घेतला नाही. मोबाइल मधे ठेवायच्या आणि म्हणायच्या, बोला. मला वाटलं, आपल्या माणसांचं कुठेतरी लिहून राहील. मी बोलले. सगळं आजीचं सांगितलं.

आजीचं नाव चांगुणा. आमच्यात जुनी रीत होती. लग्नात नवरी उजव्या हातातल्या बांगड्या काढून समुद्रात सोडायची. नवरा त्या पाण्यावर जाणार, त्याला सांभाळ म्हणून. मग जन्मभर त्या हातात काच नाही. डाव्या हातात भरपूर, उजवा मोकळा. आता बऱ्याच वाड्यांत हे राहिलं नाही. माझा नवरा तर होडीवर नाही, गाडीवर. तरी आजीने मला खाडीवर नेलं आणि बांगड्या सोडायला लावल्या. "रस्ता काय नि दर्या काय, नेनारा नेतोच," म्हणाली. "यो हात दर्याचा. यात काच घालाची नाय."

आणखी एक सांगितलं होतं. खोत वाटेने आला की आजीला पाटी खाली ठेवून बाजूला उभं राहावं लागायचं. मान खाली. त्याची सावली पुढे गेली की पाटी उचलायची. ओली पाटी एकटीने परत डोक्यावर घेणं सोपं नसतं. खोताचा आणि तिचा संबंध एवढाच.

स्टेजवर मी एका कडेला उभी. डोक्यावर प्लास्टिकचे मासे. मॅडम माइकवर आल्या आणि कादंबरीतलं पान वाचायला लागल्या.

खाडीवर संध्याकाळ. तरुण खोत. चांगुणा. नाव तेच. खोत तिचा उजवा हात धरतो. बांगड्या फुटतात, रक्त येतं. ती हात सोडवून घेत नाही. पुढे सगळं होतं. आणि मग ती आयुष्यभर त्या हातात बांगडी घालत नाही. त्याची आठवण म्हणून.

मग टाळ्या.

माझे कान तापले. हलता येईना, डोक्यावर पाटी होती. माझी आजी. खोताच्या आठवणीत. पाटी खाली ठेवायला लावणाऱ्या माणसाच्या आठवणीत.

मॅडमनी माझ्याकडे हात केला. म्हणाल्या, ही त्याच चांगुणेची नात, सोलापुरात बोंबील विकते, आज आपल्यात आली आहे. पुन्हा टाळ्या. कोणीतरी माइक माझ्या तोंडाशी आणला. दोन शब्द बोला म्हणाले.

मी बोलले. जे होतं तेच बोलले. "माझ्या आजीच्या बांगड्या कुणी फोडल्या नाहीत. तिनं त्या लग्नात समुद्राला दिल्या. खोतानं तिचा हात कधी धरला नाही. हे खोटं आहे."

मग पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी टाळी वाजवली, आणि सगळं सभागृह वाजवायला लागलं. सूत्रसंचालन करणारी बाई म्हणाली, "वा. किती निरागस." आणि माइक घेतला.

कार्यक्रम पुढे सरकला. मी तिथेच उभी. आभार होईपर्यंत उभी. मला बसायला खुर्ची ठेवलेली नव्हती.

बांगड्या घरी साबण लावून काढल्या. मनगट सोललं. नवरा मागच्या रांगेत बसून सगळं बघून आला होता. तो एवढंच म्हणाला, "कशाला गेलीस तितं? लई शानी मानसं हाईत ती."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. शेजारी मसाला विकणारी मेहरूनबी पेपर घेऊनच आली. "काय गं नटी, फोटूत लई गोरी दिसतीस. सुकटीला भाव वाढवतीस की काय आता?" मी हसले. तिला काय सांगणार?

मग माहेरून चुलतभावाचा फोन आला. त्याच्या पोराच्या कॉलेजात कोणीतरी पुस्तक वाचलं होतं. भाऊ चिडला नव्हता, हेच वाईट. हळू आवाजात विचारत होता. "ताई, आजीचं तसलं काय होतं का गं?" माझ्या आजीच्या स्वतःच्या नातवाने मला हे विचारलं. पुस्तकात छापलंय, म्हणजे काहीतरी असेल. मी नाही म्हटलं. त्याला पटलं की नाही, माहीत नाही.

पुढच्या महिन्यात मॅडम घरी आल्या. दुसरा भाग लिहायचा होता. आता तुमच्या आईचं सांगा म्हणाल्या. मोबाइल मधे ठेवला.

मी म्हटलं, आधी आजीचं नाव काढा त्यातून.

त्या हसल्या. "अहो, कादंबरी आहे ती. इतिहास थोडाच आहे?"

"मग नाव खरं कशाला?"

"चांगुणा. त्या नावाला समुद्राचा वास आहे हो. दुसऱ्या कुठल्या नावाला तो नाही."

वास.

मी मोबाइल उचलला आणि त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "आईचं काही मिळायचं नाही. आजीचं दिलं तेवढं बास झालं."

मुलगी "आई" म्हणाली. एवढंच. मॅडम उठल्या. चिडल्या नाहीत. पर्स घेतली, बाटली घेतली आणि मुलीला म्हणाल्या, "तुझ्या प्रबंधाचं प्रकरण वाचायचं राहिलंय. बघू, निवांत बघू आता."

त्या निवांतचा अर्थ आम्हाला दोघींना कळला.

ते प्रकरण अजून त्यांच्या टेबलावर आहे. मुलगी माझ्याशी कामापुरतं बोलते. एकदा मात्र म्हणाली, "मेलेल्या आजीपायी माझं वाटोळं केलंस." तिचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. आजीनेही खोतासाठी वाट सोडली नसती तर तिचं काय झालं असतं, ते मला माहीत आहे. पुस्तक छापून झालंय. दुकानात आहे. वकील लावण्याची आमची ऐपत नाही, आणि मेलेल्या कोळणीच्या अब्रूसाठी कोणता वकील उभा राहतो?

पण एक मला आता स्वच्छ दिसतं. खोत गेला. पाटी घेऊन कडेला उभी राहणारी बाई तशीच उभी ठेवली यांनी, आणि यावेळी वर तिला टाळ्याही वाजवल्या.

आता मॅडमच्या कॉलेजात त्या पुस्तकावर कार्यक्रम आहे. मला बोलावलेलं नाही. मी जाणार आहे. बाजारातून उठून तशीच, रोजच्या साडीत, उजवा हात मोकळा. पाटीला साबण लावणार नाही. पहिल्या रांगेत बसेन. कोणी उठवलं तर उठणार नाही. ते पान वाचलं की उभी राहीन आणि सांगेन, हे खोटं आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या तर टाळ्या संपेपर्यंत थांबेन. मग पुन्हा सांगेन.