खाकी कव्हरातलं पुस्तक

"सर, ते पुस्तक परत करायचंय. आणि पीएच.डी.चं रजिस्ट्रेशनही काढून घेतेय. अर्ज कुणाच्या नावे करायचा असतो?"

मनीषाचा फोन होता. मी नुकतीच लायब्ररी उघडत होतो, एक कुलूप अजून हातातच होतं. काय झालं म्हणून विचारलं, तर "घरी नको म्हणतात" एवढंच बोलून तिनं फोन ठेवला.

मी नगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. गेल्या वर्षी रिटायर झालो. ग्रंथपाल म्हणजे किल्ल्या सांभाळणारा माणूस, असा लोकांचा समज असतो आणि तो निम्मा खरा आहे. उरलेलं निम्मं काम म्हणजे ज्याला जे पुस्तक हवं ते त्याच्या हातात पोचवणं. त्यात मी एकदा चांगलाच तोंडावर आपटलो, ती ही हकीकत.

मनीषा कर्जत तालुक्यातल्या एका गावची सून, माहेर भिंगारचं. लष्करी कॅम्पाच्या भिंतीला लागून बालपण गेलेलं, त्यामुळे विषयही तिकडचाच निघाला: इंग्रजांच्या लष्करी छावण्या आणि तिथल्या बायका. या विषयावर एका इतिहासकाराची दोन पुस्तकं तिला लागत होती. पहिलं साम्राज्यं कशी चालली याबद्दल. ते आमच्याकडे होतं. दुसरं, त्या साम्राज्यांनी माणसांच्या शरीरांवर, लग्नांवर, संबंधांवर कसा ताबा ठेवला याबद्दल, म्हणजे लैंगिकतेचा इतिहास. ते मी पुण्याहून इंटर-लायब्ररी लोनवर मागवलं. एका लायब्ररीनं दुसरीकडून पुस्तक उसनं आणायचं आणि हरवलं तर आणणाऱ्यानं निस्तरायचं, असा तो प्रकार असतो.

पुस्तक आलं. कव्हरवर इंग्रजीत "सेक्शुअॅलिटी" हा शब्द, एसटीच्या शेवटच्या सीटवरूनही वाचता येईल इतका मोठा. मी विचार केला, पोरगी एसटीनं ये-जा करते, सासरी नांदते, तिला उगाच ताप नको. मग मी खाकी कागद काढला, शाळेच्या वह्यांना घालतात तसं नीट कोपरे मुडपून कव्हर घातलं आणि वर लेबल चिकटवलं: "इतिहास". स्वतःवर जाम खूश झालो.

तो कागद मनीषाच्या सासरी निसटला. मनीषाचे सासरे तात्या गावच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून रिटायर झालेले, इंग्रजी वाचणारे. त्यांनी शब्द वाचला आणि विचारलं, "झाकून कशापायी आनलं?" आपण झाकलं नाही, असं ती म्हणाली. "कुनी झाकलं?" तर लायब्ररीतल्या सरांनी. म्हणजे कुणी परका पुरुष आपल्या सुनेला असलं पुस्तक कागदात गुंडाळून देतो, असा त्याचा अर्थ झाला. हे सगळं मनीषानं मला दुपारी, दुसऱ्या फोनवर रडत सांगितलं.

मी प्राचार्यांकडे गेलो.

"साळवे, पुस्तक परत मागवून घ्या आणि विषय संपवा. कॉलेजचं नाव यायला नको."

"सर, तिची तीन वर्षांची मेहनत आहे."

"मग काय करणार?"

"जाऊन येतो."

"एकटे जाऊ नका," ते म्हणाले. मी एकटाच गेलो. सोबत कुणाला नेणार होतो, खाकी कागदाला?

मिरजगावमार्गे एसटीनं कर्जत आणि तिथून टमटम. वाटेत मी उत्तरं तयार करत होतो. पुस्तक उसनं होतं, धूळ बसू नये म्हणून कव्हर घातलं, असं सांगायचं ठरवलं.

ओट्यावर तात्या बसले होते. बाजेवर पुस्तक, शेजारी कागदाची नीट घडी. मनीषा दारात. तिची सासू गयाबाई खाली बसून शेंगा फोडत होती. चहा झाला.

शेवटी गयाबाईच म्हणाल्या, "सर, त्यात काय हाय ते तरी सांगा. समदे नुसत्या नावावरनंच भांडत्यात."

मनीषानं जिथं चिठ्ठी घातली होती ते पान मी उघडलं. वाचत गेलो, मराठीत सांगत गेलो. छावणीत गोऱ्या शिपायांसाठी बायकांची नावं रजिस्टरला लावत. ठरल्या दिवशी त्यांना डॉक्टरपुढे उभं करत. रोग दिसला की दवाखान्यात कोंडून ठेवत, बरी होईपर्यंत सुटका नाही.

"आन् शिपायांची तपासनी?" गयाबाईंनी विचारलं.

"बऱ्याच ठिकाणी बंदच केली होती. त्यांना अपमान वाटतो म्हणून."

त्यांचा हात थांबला.

"आमच्या टायमाला आपरेशनचा कॅम्प हुता. पोरं बंद व्हायचं. जीपमधी घालून न्हेलं आमाला. वळीनं निजवलं. कुनी नाव इचारलं न्हाई, नंबर दिला." मग तात्यांकडे न बघता म्हणाल्या, "ह्यांना कुनी न्हेलं न्हाई. ह्यांचं बी आपरेशन हुतं म्हनं, सोपं असतंय म्हनं."

"त्यो इषय येगळा," तात्या म्हणाले.

"येगळा कसा? सांगा की."

तात्या फाटकाकडे बघत बसले.

गयाबाईंनी सुनेला विचारलं, "ह्ये लिवनार हायेस व्हय तू?"

"हो, आई."

"मंग लिव्ह. आन् माजं बी लिव्ह."

"आई, माझा काळ इंग्रजांचा आहे."

"मंग त्यो संपला की लिव्ह."

मनीषा हसली आणि लगेच रडायलाही लागली. मला वाटलं, मिटलं. पण तात्यांचा प्रश्न उरला होता आणि तो खरा होता.

"समदं खरं, सर. पन पुस्तक चांगलं हुतं, तर झाकलं का?"

धुळीचं उत्तर तोंडाशी आलं होतं. ते बोलवेना.

"भीती वाटली, तात्या. तुमची."

"माजी? तुमी मला वळखत बी न्हवता."

"म्हणूनच."

तात्यांनी कागदाची घडी उचलून माझ्या हातात दिली. "ह्ये घिऊन जा. पुस्तक ऱ्हाऊ द्या."

येताना गयाबाईंनी पिशवीभर शेंगा दिल्या. एसटीत त्या मांडीवर घेऊन बसलो आणि मला भरून आलं. मी ज्यांच्यापासून पुस्तक लपवलं, त्यांनीच ते वाचवलं, आणि पुस्तकाबरोबर त्या पोरीचं शिक्षणही. त्या दोघांचे उपकार मी विसरणार नाही. गयाबाईंचे जास्त.

मनीषाच्या व्हायव्हाला, म्हणजे पीएच.डी.च्या शेवटच्या तोंडी परीक्षेला, दोघंही आले होते. प्रबंधाच्या आभाराच्या पानावर पहिलं नाव गयाबाईंचं. "कुठं हाय?" त्यांनी विचारलं. तात्यांनी बोट ठेवून दाखवलं. गयाबाई त्या ओळीवरून दोनदा हात फिरवून मग खुर्चीत बसल्या. "आमच्या आपरेशनच्या कॅम्पाचं कवा लिवनार?" हे मात्र त्यांनी घरी जाताना विचारलंच.

ते पुस्तक पुढे आम्ही विकतही घेतलं. उघड्या रॅकवर असतं, स्वतःच्या कव्हरात. खाकी कागदाचा रोल मात्र मी तात्यांकडून परतलो त्याच आठवड्यात परीक्षा विभागाला देऊन टाकला. त्यांच्याकडे प्रश्नपत्रिका असतात. त्या खरोखरच झाकायच्या असतात.