गुरुनाथरावांची संकष्टी

गुरुनाथराव अमेरिकेतल्या ट्रॉय गावात गाड्यांचे ब्रेक डिझाइन करता करता म्हातारे झाले, पण गर्दीच्या वाटेला कधी गेले नाहीत. गाणं ऐकायचं ते बेसमेंटमध्ये, आपल्या खुर्चीत. मात्र नात उर्वीचा कॉयर ब्रिटिश संगीत-कला महोत्सवात गाणार म्हटल्यावर त्या शनिवारी ते सुवर्णाबाईंच्या आधी गाडीत जाऊन बसले. उर्वी कॉयरच्या बसने पुढे गेली होती.

गावाबाहेरचं मोठं कुरण. तंबू, बॅगपाइप, तोंडं रंगवलेली पोरं, उंच काठ्यांवर चालणाऱ्या बाया आणि पोटात घुमणारा ड्रम. पश्चिमेला आभाळ काळवंडत होतं. पान हलत नव्हतं.

सुवर्णाबाईंनी बटाट्याचे तळलेले काप आणले. गुरुनाथरावांनी हात लावला नाही.

"अहो, बटाटा चालतो संकष्टीला. सकाळी ओट्यावर ठेवलेली खिचडी तरी खाल्लीत ना?"

"फ्रिजमध्ये ठेवली. यंदा संकष्टीला काहीच खायचं नाही ठरवलंय. अनीशला नोकरी लागेपर्यंत."

मुलाची नोकरी मार्चमध्ये गेली होती. घरात त्यावर कुणी बोलत नसे.

"आणि डायबेटिसची गोळी?"

"घेतली की. गोळीला कुठे उपास असतो?" स्वतःच्या विनोदावर ते हसले. कपाळावर घाम डवरला होता.

सुवर्णाबाईंनी काप त्यांच्यापुढे सरकवले. "आधी हे खा!"

"चंद्र दिसल्यावर."

"इथे चंद्र साडेदहाला उगवतो!"

"मग साडेदहाला. अगं, पोरीच्या गाण्याच्या वेळी कटकट नको. तोंड धुऊन येतो."

ते गेले ते आलेच नाहीत. फोनला नेटवर्क नव्हतं. लोकांचा लोंढा मोठ्या स्टेजकडे निघाला आणि सुवर्णाबाई उलट दिशेने शिरल्या. निळ्या शर्टातला म्हातारा पाहिलात का, असं विचारलं की लोक हसून कुठेतरी बोट दाखवत.

एका तंबूमागे तरुण मुलं गोल करून टाळ्या वाजवत होती. मधे गुरुनाथराव डोलत होते, हात हवेत चाचपडत होते. मुलांना वाटलं, आजोबा नाचताहेत.

"अहो!"

त्यांनी अनोळखी नजरेने पाहिलं. "बाई, माझी गाडी कुठे लावलीय?"

सुवर्णाबाईंनी एका मुलीच्या हातातलं लेमोनेड ओढून घेतलं आणि त्यांच्या तोंडाला लावलं. कुणीतरी प्रथमोपचारवाल्यांना हाक मारली. ते आले, बोट टोचलं, साखर फार खाली होती. त्यांनी आणखी गोड पाजलं. हळूहळू नजर जागेवर आली. गुरुनाथरावांनी स्वतःचं नाव बरोबर सांगितलं.

"शेवटचं कधी खाल्लंत?" प्रथमोपचारवाल्याने इंग्रजीत विचारलं.

"दुपारी जेवलो की," गुरुनाथरावांनी ऑफिसातल्या स्वच्छ इंग्रजीत ठणकावलं. "मी ठीक आहे. माझी नात गातेय."

स्टेजवरून खरंच मुलींचे सूर येऊ लागले होते. तो माणूस साखर मोजायचं मशीन पिशवीत ठेवू लागला.

सुवर्णाबाईंनी चारचौघांत नवऱ्याचं बोलणं कधी खोडलं नव्हतं.

"नो," त्या म्हणाल्या. "काल रात्रीपासून पोटात काही नाही. आणि गोळी घेतलीय."

त्या माणसाचा हात थांबला. गोळीचा अंमल उतरेपर्यंत साखर पुन्हा पुन्हा पडेल, हॉस्पिटलमध्ये न्यायलाच हवं, असं म्हणून त्याने अँब्युलन्स बोलावली.

अँब्युलन्सचं दार लागलं आणि टपावर पावसाचे टपोरे थेंब वाजू लागले.

"उपास मोडलास," गुरुनाथराव भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "आता अनीशचं काही झालं तर तुझ्या माथी."

सुवर्णाबाईंच्या अंगावर काटा आला. तरी त्यांनी अँब्युलन्सवाल्यांनी दिलेला रसाचा कप पुढे धरला.

"प्या."

त्यांनी ओठ घट्ट मिटले. सुवर्णाबाईंनी कप मागे घेतला नाही.