आधी हाक, मग काम

अक्का कीबोर्डवर दोनच अक्षरं टाइप करायच्या, ए आणि टी, आणि हात मांडीवर ठेवून बसायच्या. पडद्यावर 'ओके' उमटलं की मान डोलवायच्या. "हं, ऐकतोय. आता काम सांगायचं."

इंटरनेटसाठी फोनची तार अडवून बसायचे ते दिवस तुम्ही पाहिले असतील, तर मोडेम नावाची डबी आणि तिचं किंचाळणंही तुम्हाला आठवत असेल. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात, एका वेल्डिंगच्या दुकानावरच्या ऑफिसात आम्ही तसल्या डब्या विकायचो. कृष्णराजनगरच्या राइस मिलमधला कॉम्प्युटर शहरातल्या कॉम्प्युटरशी फोनच्या तारेवरून बोलला पाहिजे, हा आमचा धंदा. प्रत्येक डबी बाहेर पडण्याआधी अक्का तपासायच्या. मी नुकताच साताऱ्याहून येऊन तिथे चिकटलो होतो.

अक्कांचं घराणं चार पिढ्या म्हैसूरचं, पण घरात मराठी. "आमचे पणजोबा तिकडनंच आले म्हणे, घोड्यावर," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "तू बसनं आलास. स्वल्प उशीर केलास की." माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी कायम 'ए सातारकर'.

डबी ओकेवर आली की त्यांचा पहिला हुकूम ठरलेला : स्पीकर बंद. आम्ही बाकीचे ते किंचाळणं कान लावून ऐकायचो. नुसत्या आवाजावरून जोडणी लागली की फसली हे ओळखायचं, ही आमची ऐट. अक्का म्हणायच्या, "आरडाओरडा बेडा. काय झालं ते लिहून सांगेल की तो." बेडा म्हणजे नको, सरि म्हणजे बरं, अल्वा म्हणजे हो ना, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

माणसांनाही तोच नियम. मागून कोणी काही विचारलं तर ढिम्म. "समोर ये. हाक मार. मी हूं म्हणते, मग बोल. एवढ्याशा डबीला कळतं, तुला कळत नाही?" सगळे हसायचे. मला मात्र तो तोरा वाटायचा.

एका सकाळी मी त्यांच्या पाठीमागून तीनदा वायर मागितली. तिन्ही वेळा दाद नाही. माझं डोकं सटकलं. मालक त्याच मोहल्ल्यातल्या मराठी घरातले, त्यामुळे तक्रार करायला भाषेची अडचण नव्हती. मी तडक त्यांच्या काचेच्या केबिनमध्ये गेलो आणि म्हणालो, "अक्का दिवसभर डबीशी गप्पा मारत बसतात. त्यांना फोनवर बसवा. जरा लोकांच्या तक्रारी ऐकू देत." मालकांना ते लगेच पटलं.

बाहेर आलो तर अक्का जेवायला बसल्या होत्या. "ए सातारकर."

"काय अक्का?"

"चित्रान्न आहे, खा."

मी खाल्लं. वर आणखी मागून घेतलं.

सोमवारपासून अक्का फोनवर बसल्या आणि गोंधळ सुरू झाला. त्या फोनवर हात ठेवून बसायच्या, रिसीव्हर उचलायच्या, "सरि, सरि" म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या. कृष्णराजनगरचा फोन म्हणून मालकांनी रिसीव्हर त्यांच्या हातात दिला, तेव्हा तिथल्या एका कारकुनाने बजावून सांगितलं होतं, मोडेम ठीक आहे, फक्त वायर पाठवा. अक्कांनी त्याला मोडेम पाठवला. मालक सगळ्यांदेखत म्हणाले, "शनिवारपर्यंत बघतो. नाही जमलं तर घरी बसा." अक्कांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर त्यांच्याच पगारावर चालायचं.

बुधवारी त्या खिडकीकडे बघत होत्या आणि हाताशी फोन वाजत होता. वाजून वाजून बंद पडला. त्यांनी मान वळवली नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी जाऊन त्यांच्या समोर उभा राहिलो आणि आवाज अजिबात न काढता नुसते ओठ हलवले. "अक्का, चहा?"

"आत्ताच झाला रे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझा चेहरा बघितला. "कळलं, अल्वा?"

मी मान डोलवली.

"समोरच्याचं तोंड दिसलं की मला सगळं समजतं. कन्नड पण, मराठी पण. फोनमधल्या माणसाचं तोंड दिसत नाही रे." मग म्हणाल्या, "मालकांना सांगू नको. घरी बसले तर माझ्याशी कोण बोलेल? इथं हा मोडेम लिहून तरी बोलतो."

ज्यानं त्यांना फोनवर बसवलं तो मी, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. माझी जीभ रेटली नाही.

तोड त्यांनीच काढली. गुरुवारी त्यांनी ऑफिसच्या दोन फोनांपैकी एकाची तार आपल्या मोडेमला जोडली आणि बसवाल्यांकरवी सगळ्या मिलवाल्यांना चिठ्ठ्या धाडल्या : तक्रार कॉम्प्युटरवरूनच करा. शुक्रवारी पडद्यावर 'रिंग' अशी अक्षरं उमटली. अक्कांनी ए, टी आणि आणखी एक ए टाइप केला. हा फोन उचलण्याचा हुकूम. पलीकडून तोच वायरवाला कारकून इंग्रजी अक्षरांत कन्नड लिहून शिव्या घालत होता. अक्कांनी अशी काही उत्तरं दिली की शेवटी तो हसल्याचंही लिहू लागला.

"पण एखाद्याचा मोडेमच बिघडला तर?" मी विचारलं.

"तर दुसरा फोन आहे की. तो तू घे."

शनिवारी मालकांनी पडदा पाहिला आणि खूश झाले. सगळं लेखी असल्यामुळे कोण काय म्हणालं यावरची रोजची भांडणंच मिटली होती. अक्का टिकल्या, पुढे कितीतरी वर्षं टिकल्या. दुसरा फोन मी घ्यायचो. ते मला प्रायश्चित्तासारखं वाटायचं, आणि पुरेसं मात्र कधीच वाटलं नाही.

मग घरोघरी ब्रॉडबँड आलं, डब्या खपेनात, आणि अक्का हुबळीला लेकीकडे राहायला निघाल्या. शेवटच्या दिवशी मी आधी त्यांच्या पाठीमागे उभा राहून सगळं पुटपुटून घेतलं, सरावासाठी. मग समोर गेलो. "अक्का."

"हूं."

"तुम्हाला फोनवर मी बसवलं होतं. मालकांना मीच सांगितलं."

अक्का हसल्या. "ठाऊक आहे की. केबिनला काच आहे, अल्वा? तुझं तोंड दिसत होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग चित्रान्न का दिलंत?"

"रागात होतास. भूक लागली असेल म्हटलं." पिशवी उचलत त्या म्हणाल्या, "आणि खोटं कुठं बोललास? मी डबीशीच गप्पा मारत होते."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खुर्चीत बसून पाहिलं. समोर दार, उजवीकडे केबिनची काच. आत मालक कुणाला तरी काहीतरी सांगत होते. मी बराच वेळ त्यांच्या ओठांकडे टक लावून बसलो. मला एक शब्द कळला नाही.