नेस्टा गोड करून सांगते

वेल्समधल्या आमच्या पेंत्रेवेन गावात काउन्सिलची सभा दोन बायकांशिवाय होत नाही. एक मी, कारण चॅपलमागच्या हॉलमधलं चहाचं भांडं माझ्या ताब्यात असतं. दुसरी माझी शेजारीण नेस्टा. लोक वेल्शमध्ये बोलतात, काउन्सिलच्या साहेब-मॅडमना ती येत नाही, म्हणून नेस्टा मागच्या कोपऱ्यात माइक तोंडाशी धरून सगळ्याचं हळू आवाजात इंग्रजी करते आणि ते त्यांच्या कानातल्या यंत्रात पोचतं. इंग्रजी तसं आम्हा सगळ्यांना येतं. पण आपल्या हॉलमध्ये, आपल्या खुर्चीवर बसून दुसऱ्याच्या भाषेत का भांडायचं? शिवाय गावातलं कुणी ते यंत्र कानाला लावेल तर शपथ. लावलं की वेल्श येत नाही असा अर्थ होतो, आणि मग त्या माणसाला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. त्यामुळे नेस्टा साहेबलोकांच्या कानात नेमकं काय सांगते, हे आजवर कुणी ऐकलंच नव्हतं.

नेस्टा म्हणजे मांजर पायात आलं तर मांजराची माफी मागणारी. आणि तिचा बाप इडवाल म्हणजे तोंडाचा पट्टा. आयुष्य दगडाच्या खाणीत गेलं, पण सुरुंगापेक्षा त्याच्या आवाजालाच लोक जास्त बिचकायचे. या बापाच्या पोटी ही मुलगी कशी आली, हे कोडं नेस्टाची आई जाताना बरोबर घेऊन गेली.

इडवालचा विषय एकच, पूल. नदीवरचा दगडी पूल एका गाडीपुरता रुंद, पायी जायला वेगळी जागा नाही, आणि खाणीच्या लॉऱ्या त्यावरून सुसाट जातात. इडवालच्या गायनमंडळाची तालीम दर गुरुवारी संध्याकाळी पलीकडच्या काठावर. मागच्या शरदात एका लॉरीचा आरसा इडवालच्या खांद्याला लागला आणि तो कठड्यावर आपटला. हाड जुळलं, पण नेस्टानं शपथ घातली की गाड्या थांबवणारा सिग्नल बसल्याशिवाय त्या पुलावर पाय ठेवायचा नाही. कुणी गाडीतून नेतो म्हणालं तर हा म्हणे, मी काय बटाट्याचं पोतं आहे? तेव्हापासून गुरुवारी तो खिडकीशी बसून खर्जातल्या त्याच्या ओळी एकटाच म्हणायचा. वरच्या स्वरातली गाणी एकट्यानं म्हटली तरी गाणी वाटतात. खर्ज एकटा ऐकवत नाही. आमची भिंत सामाईक आहे, आणि मी खरंच सांगते, मला रडू यायचं.

फेब्रुवारीत काउन्सिलनं घरोघर पत्रक टाकलं. एका बाजूला वेल्श, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, आणि दोन्ही बाजूंना तेच, की आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. सिग्नलसाठी पैसे एकाच गावापुरते होते. ते कुणाला द्यायचे हे सभेत ठरणार होतं.

सभेआधी नेस्टानं बापाला गळ घातली. "बाबा, या खेपेला शिव्या नकोत. पैसे कुणाला ते ठरवणाऱ्या व्हिटकम मॅडम स्वतः येतायत. चार शब्द गोड बोला. माझ्यासाठी." इडवाल पुष्कळ धुसफुसला, पण हो म्हणाला.

व्हिटकम मॅडम हसतमुख बाई. माझ्या केकचे दोन तुकडे खाल्ले, म्हणून मी त्यांना चांगलंच म्हणेन. त्या उठून इंग्रजीत म्हणाल्या की सगळ्या भागात पेंत्रेवेनइतकं समाधानी गाव दुसरं नाही. पुलाबद्दल इथून दरवर्षी फक्त सौम्य सूचना येतात. श्री. इडवाल यांनी जनावरांची काळजी बोलून दाखवली होती, तिची दखल घेऊन पुलाशी मेंढीच्या चित्राची पाटी लावलीच आहे. तेव्हा कुणाला नवीन काही सांगायचं नसेल, तर सिग्नल शेजारच्या गावाला द्यावा, असा त्यांचा विचार होता.

हॉलमध्ये सगळे एकमेकांकडे बघायला लागले. त्या मेंढीच्या पाटीनं आम्ही गेली दोन वर्षं चक्रावलो होतो, कारण पुलावर मेंढरू कधी फिरकतच नाही. मला एकदम आठवलं. पाटी लागण्याआधीच्या सभेत इडवाल म्हणाला होता, काउन्सिलपेक्षा मेंढराला जास्त अक्कल असते. म्हणजे पोरीनं इंग्रजी करताना त्याचं हे केलं होतं.

चहाच्या टेबलावर एक यंत्र शिल्लक होतं. मी कुणाचं लक्ष नाही बघून ते उचललं आणि स्कार्फखालून कानाला लावलं. देव माफ करो.

इडवाल उठला. केस विंचरलेले, हातात टोपी. "मॅडम, इतक्या लांबून आलात, आभारी आहोत," तो म्हणाला. "तुम्हाला कामं फार, ते आम्हाला कळतं. पुलाचं जमलं तर बघा. नाही जमलं तरी आमचा राग नाही." गावाचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. दिलेला शब्द पाळताना त्या माणसाच्या मानेची शीर टरारली होती.

माझ्या कानात मात्र काहीच आलं नाही. नेस्टानं माइककडे बघितलं, मग बापाच्या हातातल्या टोपीकडे. मग तिचा आवाज आला, नेहमीसारखाच हळू.

"मॅडम, तुम्हाला लाज कशी वाटत नाही? इथं माणसं मोडतायत आणि तुम्ही मेंढीचं चित्र लावता? तुमच्यापेक्षा त्या पाटीवरच्या मेंढीला जास्त अक्कल आहे. तुम्हाला त्या पुलावर उभं करून अंगावर लॉरी आणली पाहिजे, मग तुम्हाला आमचं मत कळेल."

समोर इडवाल मान लववून हसत होता. व्हिटकम मॅडमच्या घशात केक अडकला. त्यांनी कानातलं यंत्र काढून बघितलं, पुन्हा घातलं, आणि इंग्रजीत विचारलं, "श्री. इडवाल, मला मेंढीपेक्षा कमी अक्कल आहे, असं तुम्ही खरंच म्हणालात?"

इंग्रजी सगळ्यांनाच कळलं. सगळ्या माना मागे वळल्या. नेस्टा पांढरीफटक पडली होती. इडवाल नुसतं नाही म्हणाला असता, तरी तिचं काम गेलं असतं आणि पुन्हा कुठल्याही सभेत तिला कुणी उभं केलं नसतं. आणि सिग्नल तर गेल्यातच जमा होता.

इडवालनं मुलीकडे बघितलं. मग टोपी खुर्चीवर ठेवली आणि त्या हॉलमध्ये जन्मात पहिल्यांदा इंग्रजीत बोलला.

"माझ्या मुलीनं सांगितलं ते शब्दन् शब्द माझं आहे. आमच्या भाषेत ते ऐकायला जरा गोड लागतं, एवढंच."

मग काय, एकेक जण उठला. माझं गोड बोलणंही असंच समजा, असं प्रत्येकानं मॅडमना बजावलं. चॅपलच्या खजिनदारानं तर नुसतं नमस्कार म्हटलं आणि त्याचाही अर्थ तोच धरायला सांगितलं.

सिग्नल मे महिन्यात बसला. पण मला आठवते ती त्या दिवशीची घरची वाट. दोघं पुढे, मी चहाचं भांडं घेऊन मागे. इडवालनं विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं मी त्यांना काय म्हणत होतो?"

"प्रत्यक्ष पाहणी केल्यास बरं होईल, असं."

तो रस्त्यातच थांबला. "अब्रू घालवलीस माझी. आणि त्या लॉरीवाल्याच्या आईबद्दल म्हणायचो ते? ते तरी आज सांगितलंस का?"

"नाही, बाबा," नेस्टा म्हणाली. "ते इंग्रजीत होतच नाही. मी फार प्रयत्न केला."

हे ऐकून मात्र त्याची छाती फुगली. त्यानं मुलीचा हात आपल्या काखेत घेतला आणि ते वाक्य तिला पुन्हा, सावकाश, घरापर्यंत म्हणून दाखवलं.