एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

माझं लग्न एकदा एका आकड्यानं मोडलं. आकडा हुंड्याचा नव्हता. चहा घ्या, सांगतो.

बहात्तर सालची गोष्ट. मी नगरला शाळेत गणित शिकवायचो. मामांनी मला जामखेडकडच्या एका गावात मुलगी बघायला नेलं. धुरळ्यानं भरदुपारी अंधारून आलेलं, विहीर आटलेली, अंगणात पाखरू नाही. मुलीचं नाव शालन. पोह्यांची बशी ठेवून ती समोर बसली आणि मला बघताक्षणी आवडली. आता छाप कशी पाडायची? माझ्याकडे गणिताशिवाय होतं काय?

पाटी मागवली. १४२८५७ लिहिलं आणि शालनच्या वडिलांना, तात्यांना, म्हणालो, "ह्याला दोननं गुणा."

२८५७१४.

"बघा, तेच आकडे. नुसत्या जागा बदलल्या."

तीननं ४२८५७१. मग चार, पाच, सहा. दर वेळी तेच सहा आकडे, त्याच ओळीनं, घाण्याच्या बैलासारखे फिरून हजर. आणि दर वेळी मी, "बघा, तेच आकडे."

तात्यांनी पाटी जरा लांब धरली. "ह्यो आकडा सोडत न्हाई की वो."

"नाहीच सोडत," मी खुशीत म्हणालो.

कोपऱ्यातून शालनची आत्या बोलली, "सातानं गुना. लग्नात पावलं सात असत्यात."

मी सहापर्यंतच करून पाहिलं होतं. पण सहापर्यंत जमलं, तर साताला काय धाड भरणार?

तात्यांनी गुणलं. ९९९९९९.

सहाच्या सहा आकडे गायब. बाहेर वाऱ्यानं वाजणारा छपराचा पत्राही नेमका तेव्हाच थांबला. माझ्याच अंगावर काटा आला.

"सातव्या पावलाला समदी गेली," आत्या हळूच म्हणाली.

मी घाबरून पाटी ओढली, आठनं गुणलं. ११४२८५६. "हे बघा, पुढचा एक काढून शेवटच्या सहात मिळवा. आले की नाही सगळे परत?"

आत्यानं पदर डोक्यावर ओढून घेतला. "गेलेली परत येत्यात, त्यास्नी काय म्हंत्यात ठावं हाय का मास्तर?"

तात्यांनी ओल्या फडक्यानं पाटी पुसली. ती वाळली तसे आकडे पुन्हा पांढुरके दिसायला लागले. तात्यांनी पाटी उचलून उंबऱ्याबाहेर उपडी ठेवली.

नकार आला. मला फार लागलं. आठवडाभर मी आत्याला आणि त्या आकड्याला शिव्या घालत होतो. शेवटी मामाच जाऊन खरं कारण विचारून आले.

"आत्याचं कुनी ऐकलं न्हाई. पोरगीच नगं म्हनाली."

"आकड्याला भ्याली?"

"छ्या. म्हनाली, भूत परवडलं. पर येकच गोष्ट सहा-सहा डाव सांगनारा नवरा जल्मभर कोन सोसंल?"