पैनगंगेच्या हत्तीचं शवविच्छेदन

दोन वर्षांपूर्वी मी ढाणकीजवळच्या एका गावात जनावरांची डॉक्टर होते. एका सकाळी पोलीस ठाण्यातल्या जमादारांचा फोन आला.

"मॅडम, नदीत हाड सापडलं. पीएम करून द्या."

"कशाचं हाड?"

"तेच तर तुमाले इचारून राह्यलो."

पैनगंगेची दरड कोसळली होती आणि म्हशी पाण्यावर नेणाऱ्या एका बाईला मातीत जबडा दिसला होता. मी पोचले तोवर पंचनामा झालेला. हाड कुठलं, दगडच झाला होता त्याचा. उचलायला दोन माणसं लागली. त्यात विटेएवढी दाढ, तिच्यावर किसणीसारख्या आडव्या कडा. अशी दाढ मी फक्त पुस्तकात पाहिली होती.

"हत्ती आहे," मी म्हणाले. "हिमयुगातला. हजारो वर्षांपूर्वीचा."

जमादारांनी शांतपणे फॉर्म काढला. "मालकाचं नाव?"

"मालक नव्हता."

"मंग बेवारस लिहतो. कानातल्या बिल्ल्याचा नंबर?"

"कानच नाहीत, जमादारसाहेब."

"लसीकरण?"

मी 'नाही' लिहायला सांगितलं. लाळ-खुरकुताची लस त्या वर्षी जिवंत जनावरांनाही पुरली नव्हती.

मृत्यूच्या कारणापाशी आम्ही बराच वेळ अडलो. 'अज्ञात' त्यांना चालेना. तपास त्यांच्याच गळ्यात पडला असता. शेवटी दाढेची झीज दाखवून मी 'वार्धक्य' लिहिलं. वयासाठी यवतमाळच्या एका भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना फोन लावला आणि रकान्यात 'प्लायस्टोसीन काळ, अंदाजे' असं भरलं.

पंधरवड्यात वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. सदर जनावराच्या मृत्यूची सूचना विलंबाने का दिली, याचा तीन दिवसांत खुलासा करावा. घटनेच्या वेळी मी या ठिकाणी रुजू नव्हते, असं मी कळवलं. खुलासा मान्य झाला.

प्राध्यापक एसटीने जबडा पाहायला आले, तेव्हा तो मुद्देमालाच्या खोलीत, जप्त मोटारसायकलींच्या मध्ये ठेवलेला होता. किल्ली साहेबांकडे आणि साहेब बंदोबस्तावर. "कोर्टाचा आदेश आणा, मंग हात लावा," जमादार म्हणाले, पण खिडकी मात्र त्यांनी स्वतः उघडून दिली.

प्राध्यापक गजांतून अर्धा तास पाहत उभे राहिले. मी चहा मागवला होता. तो त्यांच्या हातात तसाच गार झाला.