दुसऱ्या खिडकीजवळचे सात तुकडे

पीटर्सबर्ग पाहायला आलेला माणूस सकाळी कॅथीड्रल, दुपारी राजवाडा आणि सायंकाळी संग्रहालय असा दिवस उरकतो. राजवाड्यातल्या निळ्या दालनाची राखणदार तमारा इग्नात्येव्ना हिच्या वाट्याला तो दुपारी यायचा. म्हणजे निम्मा संपलेला. जमिनीवर ओरखडे पडू नयेत म्हणून बुटांवर नमद्याच्या मऊ सपाता चढवून, माना वर करून छत पाहत माणसे निळ्या दालनातून घसटत पुढे जात. त्या सपातांनी नक्षीदार लाकडी जमीन आपोआप चकाकत राही. आपले झाडूवाले तिकीट काढून येतात, असे शेजारच्या दालनाची राखणदार फाईना म्हणे. एकोणीस वर्षे तेच ऐकून तमाराचे त्यावरचे हसू पार झिजून गेले होते.

ती दुसऱ्या खिडकीपाशी खुर्ची टाकून बसे. थंडी बाधते असे सांगून तिने खुर्चीखाली एक जुने जाजम अंथरलेले असे. पण जाजम थंडीसाठी नव्हते. युद्धात जळालेला हा वाडा पुन्हा उभा राहिला, तेव्हा या दालनाची जमीन तिच्या नवऱ्याने, आर्सेनीने, चार साथीदारांसह बसवली होती. उद्घाटनाची तारीख वरून ठरून आलेली, आणि परदेशातून येणारे अमरँथ नावाचे जांभळे लाकूड नेमके दुसऱ्या खिडकीजवळ, नक्षीतल्या शेवटच्या फुलापाशी संपले. आर्सेनीने मेपलच्या फिक्या लाकडाचे सात तुकडे घरी रंगवून तिथे बसवले. खरे लाकूड आले की बदलीन, असे तो म्हणे. लाकूड आले नाही. आर्सेनी गेला, आणि त्याच वर्षी तमाराने ही नोकरी धरली. तिने जाजम अंथरण्याआधीच उन्हाने रंग उतरून त्या फुलाच्या सात पाकळ्या राखेसारख्या झाल्या होत्या. हातात पटाशी धरली की देवालाही फसवू नये, असे आर्सेनी शिकाऊ सुतारांना बजावत असे. त्याच्या नावाला या सात तुकड्यांचा डाग लागू नये, एवढेच तिला सांभाळायचे होते.

जूनच्या आरंभी वाड्यातली कामाची माणसे कमी झाली. दालनांची जबाबदारी असलेल्या इन्ना वादिमोव्नाने एकेका राखणदारणीकडे दोन दोन दालने सोपवली, खुर्च्या मधल्या दारात नेल्या आणि जुनी जाजमे गोळा करून टाकली. तमाराने तक्रार केली नाही. ती त्या सात तुकड्यांवर जाऊन उभी राहिली.

नऊ दिवस ती उभी होती. जहाजांतून उतरलेले घोळकेच्या घोळके तिला वळसा घालून जात. संध्याकाळी सुजलेल्या पायांतून बूट निघता निघत नसत. घोट्याच्या वर कातड्याचा वळ उमटलेला असे. फाईना चहाच्या वेळी डोकावली. "अगं, अशीच उभी राहिलीस तर तुझ्याही पायाशी पाटी लावतील. शतक अठरावं, हात लावू नये."

"लावू देत," तमारा म्हणाली. "निदान कुणी हात तरी लावणार नाही."

दहाव्या दिवशी वाडा बंद होताना इन्ना आली. तिने ओरडाआरडा केला नाही. पलीकडचे दालन नऊ दिवस बेवारशी पडले आहे, हे तिने शांतपणे सांगितले; तमाराच्या पायांकडे पाहिले, आणि उद्यापासून खाली कोट सांभाळायच्या खोलीत बसा, असे सुचवले. तिथे ऊब होती, बसायला बाक होते. निळ्या दालनात उद्या दुसरी कुणी येणार होती.

तमाराने काहीतरी सबब शोधून पाहिली. सुचली नाही. ती नुसती दोन पावले बाजूला झाली, आणि सात राखाडी पाकळ्या उघड्या पडल्या.

इन्ना गुडघ्यावर बसली. तिने एका तुकड्यावरून नख फिरवले. "हे अमरँथ नाही."

"मेपल आहे. माझ्या नवऱ्यानं बसवलंय. आर्सेनी ल्वोविच झूयेव." ती एक पाऊल जवळ आली. "तो लबाड नव्हता. नोंदीत तेवढं लिहाल का?"

"तसं लिहायला दुरुस्तीच्या कागदावर जागा नसते, तमारा इग्नात्येव्ना." इन्नाने वर पाहिले. "पण रंग कशाचा होता, ते लिहिता येईल. सुतारांना तेच हवं असतं. कुणाला ठाऊक असेल?"

चार साथीदारांपैकी आता कुणी उरले नव्हते. जिथे बसायला सक्त मनाई होती, त्या खिडकीच्या कट्ट्यावर तमारा बसली. इन्नाने वही उघडली.

"शाळेची जांभळी शाई," तमारा म्हणाली. "सहा बाटल्या. आणि आल्डरच्या झाडाच्या सालीचा काढा. माझ्या सूपच्या पातेल्यात केला. पातेलं टाकावं लागलं."

"किती वेळ उकळलं?"

"दोन तास. झाकण उघडू नकोस, वाफेबरोबर रंग जातो, असं तो मला सारखं बजावत होता." तिने बुटाची नाडी सैल केली. "मी उघडत होते. तेही लिहा."